गावात काम करायचे आहे: पदवी, पोट आणि ठरावाचे पुस्तक

प्रश्न थोडक्यात असा: बी.ए. झाले आहे, गडचिरोली-चंद्रपूरकडच्या आदिवासी गावांत वनहक्क (जंगलावरचे आणि जंगलजमिनीवरचे तिथल्या रहिवाशांचे कायदेशीर हक्क) आणि ग्रामसभा या विषयांवर काम करायची इच्छा आहे. एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करावी की सरळ एखाद्या संस्थेत रुजू व्हावे? यावर घर चालेल का? आणि मोर्चे-आंदोलनांत उतरल्यास पुढे नोकरीला, पासपोर्टला अडचण येते का?

पदवीचे आधी उरकून टाकू. एम.एस.डब्ल्यू. गावात काम करण्यासाठी लागत नाही, काही ठरावीक खुर्च्यांसाठी लागते. सरकारी रुग्णालयातला वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक, बाल संरक्षण कक्षातली काही पदे, मोठ्या कारखान्यातला कल्याण अधिकारी, कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक दायित्व) विभागातल्या जागा, अशा ठिकाणी ती नसेल तर अर्जच बाजूला पडतो. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था (स्थापना १९३६) आणि तिचा तुळजापूरचा परिसर, मुंबईचे निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था, नागपूरची मातृसेवा संघाची संस्था ही जुनी आणि जाणती ठिकाणे. तुळजापूरचा भर ग्रामीण विकासावर आहे, तुमच्या विषयाला ते जवळचे. पण आधी एक-दीड वर्ष गावात काम करा आणि मग प्रवेश घ्या. गाव न पाहता शिकलेला सिद्धांत परीक्षेपुरता राहतो. गाव पाहून गेलेला विद्यार्थी प्राध्यापकाला अडचणीचे प्रश्न विचारतो आणि त्याचे क्षेत्रकार्यही नुसते हजेरीपत्रक होत नाही. गडचिरोलीजवळच्या शोधग्राम इथल्या ‘सर्च’ संस्थेचा ‘निर्माण’ हा युवा उपक्रम २००६ पासून चालू आहे. कोणत्या प्रश्नावर काम करायचे हेच नक्की नसेल, तर तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

खरी पात्रता वेगळीच आहे. या क्षेत्रात तळमळीची माणसे पुष्कळ भेटतात. सात-बारा आणि वनकक्षाचा (वनविभागाने आखलेल्या जंगलाच्या तुकड्याचा) नकाशा एकमेकांशी ताडून पाहणारी, कायद्यात बसेल असा ठराव गावाच्याच तोंडून लिहून घेणारी, ग्रामसभेची रोकडवही जुळवून देणारी माणसे मात्र तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच असतात. पगार, मान आणि आंदोलनातली सुरक्षितता, तिन्ही याच कौशल्यांवर उभे राहतात. म्हणून पहिल्या दोन वर्षांचे उद्दिष्ट एवढेच ठेवा: एका गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा पहिल्या बैठकीपासून ते हक्क मिळाल्यानंतरच्या पहिल्या हिशेबापर्यंत सोबत राहून पाहायचा. एवढे जमले की बाकीचे विषय, मग पाणी असो, रोजगार असो वा रेशन, त्याच वाटेने जातात.

वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे, आणि २०१२ मध्ये नियमांत मोठी दुरुस्ती झाली. अजूनही काही कार्यालयांत दुरुस्तीपूर्वीची पुस्तिका फिरते. नियम वाचताना ते २०१२ नंतरचेच आहेत ना, हे आधी पाहा. दाव्याचे नमुने तीन. नमुना ‘अ’ वैयक्तिक शेतजमिनीचा, ‘ब’ निस्तार (घरगुती गरजेपुरता लाकूडफाटा वगैरेचा वापर), चराई, गौण वनोपज (बांबू, तेंदू, मोह अशी इमारती लाकडाखेरीजची उपज) अशा सामूहिक हक्कांचा आणि ‘क’ सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे गावाने परंपरेने वापरलेल्या जंगलाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याच्या हक्काचा. सगळ्यात जास्त घोळ ‘ब’ आणि ‘क’मध्ये होतो. गाव दोन्ही भरते, जिल्ह्यातून फक्त ‘ब’चे अधिकारपत्र येते, गुलाल उधळला जातो, आणि दोन वर्षांनी बांबू तोडायची वेळ आली की कळते, व्यवस्थापनाचा हक्क मिळालेलाच नाही. अधिकारपत्र हातात आले की त्यावरचा जोडपत्राचा क्रमांक पाहा: वैयक्तिकासाठी दोन, सामूहिक हक्कांसाठी तीन, सामूहिक वनसंसाधनासाठी चार. शिवाय ते ग्रामसभेच्या नावाने आहे की संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या, क्षेत्र किती धरले आहे, आणि कायद्यात नसलेल्या ‘अटी व शर्ती’ खाली चिकटवल्या आहेत का, तेही त्याच बैठकीत वाचून काढायचे. सत्कार नंतर.

सुरुवात कोणती ग्रामसभा, इथूनच होते. गट ग्रामपंचायतीत चार-पाच गावे असतात आणि ग्रामपंचायतीची ग्रामसभा त्या सगळ्यांची मिळून असते. वनहक्काचा दावा मात्र त्या-त्या गावाच्या ग्रामसभेचा; पेसा (आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या क्षेत्रात पाडा किंवा टोलासुद्धा स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊ शकतो. या सभेचा कोरम कडक आहे: गावातल्या सर्व प्रौढांपैकी किमान निम्मे हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. ३०० प्रौढांच्या गावात १५० माणसे, त्यांत ५० बाया. दाव्यांवर ठराव घ्यायचा असेल तर दावेदारांपैकी निम्मे किंवा त्यांचे प्रतिनिधीही हवेत. (ग्रामपंचायत कायद्याच्या सभेला १५ टक्के किंवा १०० मतदार पुरतात. ग्रामसेवकाच्या डोक्यात तोच आकडा असतो आणि तो प्रामाणिकपणे चुकीचा सल्ला देतो.) गावातले दावे घेऊन पडताळणारी वनहक्क समिती १० ते १५ जणांची, त्यांत किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश स्त्रिया.

एवढी माणसे जमणार कधी, हा प्रश्न कायद्यापेक्षा अवघड आहे. मार्च-एप्रिल मोहफुलांचा, मे तेंदूचा (विडीच्या पानांचा), जुलै-ऑगस्ट रोवणीचा, नोव्हेंबर कापणीचा. दक्षिण गडचिरोलीतली कितीतरी घरे उन्हाळ्याच्या तोंडावर मिरची तोडायला तेलंगणात गेलेली. उरतात डिसेंबर-जानेवारी आणि जूनचा पहिला पंधरवडा. दात्या संस्थेचे आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ग्रामसभा घ्या’ असा रेटा येतो. त्याला बळी पडून घेतलेल्या सभांचे कोरम कागदावरच पूर्ण होतात आणि ग्रामसभेचे दावे ज्या उपविभागीय समितीकडे तपासायला जातात तिथे दावा नाकारायला तेच पहिले कारण म्हणून लागते. वर्षाचा आराखडा बनवताना गावाचे कॅलेंडर आधी, प्रकल्पाचे नंतर. यावर साहेबांशी वाद घालावा लागला तरी घाला.

ठरावाचे पुस्तक हा स्वतंत्र विषय आहे. पाने क्रमांकित हवीत. सभेची तारीख, वेळ, जागा, अध्यक्ष, विषय, सूचक, अनुमोदक आणि ठराव त्याच बैठकीत लिहून, मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मगच सह्या घ्यायच्या. ठरावाची शेवटची ओळ आणि पहिली सही यांच्यात मोकळी जागा सोडायची नाही. राहिलीच तर आडवी रेघ मारायची. प्रत्येक अंगठ्याशेजारी नाव लिहायचे. कोऱ्या पानावर आधी सह्या आणि मजकूर नंतर, ही सवय चांगल्या चांगल्या संस्थांना लागलेली दिसते. विरोधकाने एकदा ती हेरली की गावाचे सगळे जुने ठरावही संशयात येतात. आणि लिहायचे काम तुम्ही करू नका. तुमचे अक्षर सुरेख असेल, शुद्धलेखन चोख असेल, तरी पेन गावातल्या दहावी-बारावी झालेल्या मुला-मुलीच्या हाती द्या आणि शेजारी बसा. पहिले तीन ठराव वेडेवाकडे होतील, होऊ देत. कार्यकर्त्याची बदली झाली आणि ठरावाचे पुस्तक बंद पडले, अशी गावे कमी नाहीत.

पुराव्यांसाठी पुढच्यांपैकी किमान दोन गोष्टी लागतात आणि विदर्भात त्या सापडतात. जुन्या जमीन-महसुली बंदोबस्तातले निस्तारपत्रक (गावाच्या जंगलवापराची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या रूढी-हक्कांची नोंद), वनविभागाच्या कार्य आयोजनेतले (वर्किंग प्लॅनमधले) उल्लेख, जुने नकाशे, गॅझेटियर. शिवाय प्रत्यक्ष खुणा: देवस्थाने, स्मशानभूमी, जुने विहीर-तलाव, गुरे नेण्याच्या वाटा. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून चालते. ते तुमच्या भाषेत ‘सुधारून’ लिहू नका; सगळ्यांच्या निवेदनात एकच वाक्यरचना दिसली की ती एकाच माणसाने लिहिली हे कुणालाही कळते. नकाशे आणि अभिलेख ग्रामसभेला पुरवणे हे नियम ६ खाली उपविभागीय समितीचे काम आहे. म्हणून विनंतीचा साधा अर्ज न देता नियमाचा उल्लेख असलेले, ठरावाची प्रत जोडलेले पत्र द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या.

मग शिवफेरी. जीपीएस घेऊन एका दिवसात गावाची सीमा चालून येणारे तरुण असतात. त्यांना दुसऱ्या खेपेला म्हाताऱ्या गुराख्याबरोबर पाठवा. जंगलातली शिव नाल्याने, डोंगरधारेने आणि झाडांच्या नावांनी सांगितली जाते, आणि तरुण पोरे ती सरळ रेषेत कापतात. यंत्राची चूक पाच-दहा मीटरची असते, तिच्यावर भांडण होत नाही. भांडण होते शेजारच्या गावाला न विचारल्यामुळे. सीमेवरच्या प्रत्येक गावाच्या वनहक्क समितीला लेखी बोलवा, दोघांचा वापर असलेला भाग ‘सामायिक’ म्हणून नोंदवा आणि दोन्हीकडच्या सह्या घ्या. नमुना ‘क’मध्ये सीमेलगतच्या गावांचा रकाना आहेच. सहमती झालीच नाही तर वाद उपविभागीय समितीकडे जातो आणि तिथे तो वर्षानुवर्षे पडून राहतो. म्हणून शेजारच्या गावातले एक सोयरीक असलेले घर शोधा. पत्राने जे होत नाही ते तिथे चहावर होते.

स्थळ पडताळणीला वन आणि महसूल खात्याचे कर्मचारी हजर राहून सही करणे बंधनकारक आहे. ते येत नाहीत, ही नेहमीची तक्रार. उपाय नियमातच आहे: त्यांना तारीख कळवल्याचा पुरावा ठेवा. गैरहजर राहून नंतर आक्षेप घेतला तर प्रकरण फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे परत येते, आणि दुसऱ्यांदाही ते आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. पोच नसेल तर या तरतुदीचा काडीचा उपयोग नाही. दावा नाकारला किंवा क्षेत्र कापले तर कारणे लेखी मागा. ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. महाराष्ट्रातल्या अनुसूचित क्षेत्रात २०२० पासून जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयावर विभागीय स्तरीय समितीकडेही जाता येते. हे अनेक वकिलांनाही ठाऊक नसते.

आता हक्क मिळाल्यानंतरचे, कारण खरी नोकरी इथे सुरू होते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा हक्क मिळाला. पण आपला बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडले. बांबू हे गौण वनोपज आहे असे कायद्यात २००६ पासूनच लिहिलेले होते. कागदावरचा हक्क आणि ट्रकपर्यंत पोचलेला हक्क यांतले हे अंतर कापणे, हेच कार्यकर्त्याचे काम. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने हक्क मिळाल्यावर बांबूवर भर दिला आणि तेंदू तोडणे बंद केले, कारण तेंदूसाठी झाडे छाटली जातात, जंगलाला आग लावली जाते. दुसरी गावे तेंदूवरच वर्षाचा खर्च काढतात. दोन्ही निर्णय ग्रामसभेचे, त्यात आपले मत घुसडू नये. आकडे मांडावेत आणि गप्प बसावे.

तेंदूचे आकडे असे मांडायचे. पुडा ७० पानांचा, १,००० पुड्यांचा एक मानक बोरा. ग्रामसभेला दोन रकमा मिळतात: तोडणाऱ्याची मजुरी शेकडा पुड्यांच्या हिशेबाने, आणि बोऱ्यामागे स्वामित्वशुल्क (रॉयल्टी). ठेकेदार मजुरी फळीवर (पुडे गोळा करण्याच्या जागी) रोख देऊन टाकतो, कारण ती दिली नाही तर दुसऱ्या दिवशी पुडे येत नाहीत. बुडते ते स्वामित्वशुल्क. तेजीच्या वर्षी चढे भाव बोलायचे, मंदी आली की माल उचलून पसार व्हायचे, हा अनुभव अनेक ग्रामसभांनी घेतला आहे. त्यामुळे सर्वांत जास्त भाव देणाऱ्याला डोळे झाकून ठेका देऊ नये. आधीच्या हंगामाची त्याची थकबाकी शेजारच्या पाच गावांत विचारावी. करारात अनामत किती, हप्ते कोणत्या तारखांना, जीएसटी कोणी भरायचा, गोदामातून माल हलण्याआधी किती टक्के रक्कम जमा हवी, हे लिहावे; आणि वाहतूक परवाना हप्ता बँकेत जमा झाल्यावरच फाडावा. हे शेवटचे एक कलम बाकी सगळ्या कलमांपेक्षा मोलाचे. फळीवरचा दिवाणजी (हिशेबनीस) ठेकेदाराचा असेल तर मोजणीची दुसरी वही ग्रामसभेच्या माणसाकडे हवी आणि रोज संध्याकाळी दोन्ही वह्यांवर एकमेकांच्या सह्या.

पैसा आला की गाव फुटते, हे सरसकट खरे नाही. हिशेब न कळल्यामुळे फुटते. ग्रामसभेचे पॅन, स्वतंत्र बँक खाते, तीन सह्यांपैकी दोन (त्यांत एक स्त्री), वार्षिक लेखापरीक्षण, आणि दर महिन्याचा जमा-खर्च गोटुलाच्या (गावाच्या सामूहिक घराच्या) किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर रंगाने लिहिणे. छापील अहवाल कुणी वाचत नाही, भिंत सगळे वाचतात. ज्यांना वाचता येत नाही ते वाचून घेतात.

माहिती अधिकार हे रोजचे हत्यार आहे, पण ते कमी वापरावे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत, शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. नाही आले तर ३० दिवसांत पहिले अपील (२० रुपयांचे तिकीट), त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. आयोगाकडची रांग लांब असल्याने दुसऱ्या अपिलावर भिस्त ठेवू नका. प्रती मागण्याऐवजी अभिलेखाची पाहणी मागा: समोर फाइल आली की ज्या कागदाचे नावही माहीत नव्हते तो सापडतो. ‘का केले नाही’ असे प्रश्न विचारू नका, ‘अमुक पत्रावर केलेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत’ मागा. आणि ज्या कारकुनाशी पुढची पाच वर्षे काम पडणार आहे त्याच्या विरुद्ध पहिल्याच महिन्यात अर्ज टाकू नका. तोंडी विचारून मिळणारी माहिती तोंडीच मागावी.

घर चालण्याचा प्रश्न पगार कोण देतो यावर ठरतो. सरकारी अभियानात (बचत गटांचे ‘उमेद’, महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे ‘माविम’, आदिवासी विभागाचे कक्ष) पद बहुधा कंत्राटी, मानधन बऱ्यापैकी नियमित, पण उद्दिष्टे वरून येतात आणि आठवड्यातले दोन दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात जातात. सीएसआरच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत प्रकल्प एक ते तीन वर्षांचा. प्रशासकीय खर्चाला फारसा पैसा मिळत नसल्याने संस्था माणसांवर काटकसर करते, आणि दाखवता येईल असे काम मागितले जाते. बंधारा दाखवता येतो, ठराव दाखवता येत नाही. परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थांना परदेशी अभिदाय (देणग्या) कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर तो निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. त्यामुळे मोठ्या संस्थांच्या आधाराने चालणाऱ्या तालुक्यातल्या लहान संस्थांची कंबर मोडली. लहान संस्थेत नव्या कार्यकर्त्याला साधारण १५ ते २५ हजार रुपये महिना मिळतात. यात एकट्याचे तालुक्याच्या गावी भागते. लग्न, मुलांची शाळा, आई-वडिलांचे औषधपाणी आले की भागत नाही, आणि तिशीच्या आसपास चांगली माणसे याच कारणाने बाहेर पडतात. यात लाजण्यासारखे काही नाही, पण आधी हिशेब करून ठेवावा. दोन वाटा दिसतात: घरात दुसरी नियमित मिळकत, किंवा एखाद्या विषयात इतके पारंगत होणे की इतर संस्था प्रशिक्षणासाठी, मूल्यमापनासाठी पैसे देऊन बोलावतील. वनहक्काचे नकाशे, ग्रामसभेचे लेखे, जलसंधारणाची मोजमापे यांना अशी मागणी असते. ‘समन्वय’ या कौशल्याला नसते.

स्वतःची संस्था काढण्याचा मोह पहिली पाच वर्षे आवरा. नोंदणीला सात माणसे पुरतात, पण नंतर धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी लेखे, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत फेरफार अहवाल, आयकर सवलतीच्या नोंदण्या, सीएसआरसाठी वेगळी नोंदणी, हे सगळे मागे लागते. फेरफार अहवाल वेळेत न दिल्याने जुनीच कार्यकारिणी कागदावर राहिली आणि संस्थापकांच्या भांडणात संस्था गोठली, हा प्रकार महाराष्ट्रात फार जुना.

संघटना ही वेगळी गोष्ट. ती सभासदांच्या वर्गणीवर चालते, किमान चालायला हवी. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. वर्गणी, ओळखपत्र आणि सभासदांचे मत हा तिचा कणा. संघटनेत पूर्णवेळ कार्यकर्त्याचे मानधन तुटपुंजे, पण कोणत्या प्रश्नावर रस्त्यावर उतरायचे हे दाता ठरवत नाही. संस्थेत राहून आंदोलन करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: परदेशी अभिदाय नियमांत बंद, रास्ता रोको, जेलभरो करणाऱ्या संघटनांना राजकीय स्वरूपाच्या ठरवण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ती सक्रिय राजकारणात असलेल्या संघटनांपुरती मर्यादित केली, तरी परवान्याच्या नूतनीकरणाच्या वर्षी संस्थाचालक घाबरलेलेच असतात. म्हणून संस्थेचा बॅनर आणि मोर्चाचा बॅनर वेगळे ठेवतात.

आंदोलनाचे कायदेशीर परिणाम, उगाच न भिता. जिल्ह्यात बहुतेक वेळ महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा जमावबंदी आदेश चालूच असतो. पाच किंवा अधिक माणसे विनापरवानगी जमली की त्याच कायद्याच्या कलम १३५ खाली गुन्हा नोंदवता येतो. तो किरकोळ आहे. सांभाळायचे कलम दुसरे: लोकसेवकावर कामात अडथळा आणण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर, पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे ३५३, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे १३२. ते अजामीनपात्र आहे आणि तहसील कार्यालयाच्या दारात झालेल्या रेटारेटीतून सहज लागते. उपाय साधे आहेत. निवेदन आणि परवानगीचा अर्ज किमान तीन दिवस आधी, पोचेसह. आत जाणारे शिष्टमंडळ पाच जणांचे, नावे आधी ठरलेली. दारापाशी गावातल्या जाणत्या बायांची साखळी. दारू प्यायलेल्याला परत पाठवण्याची जबाबदारी ठरावीक दोघांवर. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक माणूस चित्रीकरण करणारा, जो घोषणा देत नाही. अटक झालीच तर कारण सांगणे, नातलगाला कळवणे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करण्यावर निर्बंध आहेत. वकिलाचा नंबर हातावर पेनाने लिहा, मोबाइल काढून घेतला जातो.

खटला प्रलंबित असताना पासपोर्टसाठी न्यायालयाची परवानगी लागते, ती मिळते, वेळ जातो. सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत आंदोलनाचा गुन्हा दिसला म्हणून नोकरी जातेच असे नाही. तो लपवला तर मात्र जाण्याची शक्यता मोठी. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णयही वेळोवेळी निघतात. मालमत्तेचे नुकसान मोठे असेल किंवा जीवितहानी झाली असेल तर त्यांचा लाभ मिळत नाही.

राहण्याबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून सांगायला हवे. गावात खोली घेताना सरपंच, ठेकेदार किंवा दुकानदार यांच्या घरी राहू नका, कितीही आग्रह झाला तरी. ज्या टोल्यात राहाल त्याचेच तुम्ही ठरता, आणि ज्या घरचे पाणी तुम्ही पीत नाही ते घर तुमच्याकडे बोलत नाही. भाषा शिकणे ऐच्छिक नाही: एटापल्ली-भामरागडकडे माडिया, धानोऱ्याकडे गोंडी. दुभाषा बहुधा पुरुष असतो आणि बायांचे म्हणणे त्याच्या तोंडून अर्धेच येते. गडचिरोलीत पोलीस आणि नक्षलवादी दोघांच्याही संशयाची सावली कार्यकर्त्यावर राहिलेली आहे. तिथे गुप्तता कामाची नाही. कुठे जाता, कशासाठी जाता हे ग्रामसभेला आणि संस्थेला माहीत असावे, निरोप्याचे काम कुणाचेही करू नये, आणि रात्रीचा प्रवास टाळावा.

पहिल्या मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही काही विचारा. मानधन ‘सल्लागार’ म्हणून देतात की पगार म्हणून? २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर भविष्य निर्वाह निधी लागू होतो, ‘सल्लागार’ ठरवून तो चुकवला जातो. मोटारसायकल कुणाची, पेट्रोल कोणत्या दराने, आणि अपघात विमा आहे का? जंगलातल्या रस्त्यावर महिन्याला हजारभर किलोमीटर फिरणाऱ्याला हा प्रश्न पगाराइतकाच महत्त्वाचा. दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास लैंगिक छळ प्रतिबंधाची अंतर्गत समिती आहे का, तिच्या बाहेरच्या सदस्य कोण? प्रकल्पाचा पैसा कोणत्या महिन्यात संपतो? आणि याआधी ज्या गावांतून संस्था बाहेर पडली त्यांची नावे सांगाल का? नावे मिळाली तर रुजू होण्याआधी त्यातल्या एका गावी एसटीने जाऊन या आणि ठरावाचे पुस्तक दाखवा म्हणा. शेवटचा ठराव कोणत्या तारखेचा आहे आणि कुणाच्या अक्षरात आहे, तेवढे पाहिले तरी संस्थेबद्दल बरेच कळते.